पडद्याची बायकांची बाजू

जेवणं उरकली आहेत. भांडी घासून पालथी घातली आहेत, ह्यांना दुपारच्या गोळ्या दिल्या आहेत आणि आतल्या खोलीचं दार मी अर्धवट उघडं ठेवलं आहे, ह्यांचा श्वास ऐकू यावा म्हणून. दवाखान्यातून घरी आणल्यापासून माझा एक कान त्या दारालाच टांगलेला असतो. मी बाहेरच्या खोलीत चटईवर आडवी होते. टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा लागला आहे, आवाज बंद करून. आवाज हवाय कुणाला? मी सिनेमा बघते तो मनगटांसाठी.

हे खूळ मला हौसावन्संनी लावलं. हौसावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य जगाला ठाऊक आहे, आणि आमचंही पहिली काही वर्षं तसंच होतं. मग एकदा आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. पडद्यावरचा गरीब गिरणी कामगार आईच्या औषधासाठी ढसाढसा रडत होता, आणि वन्सं माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "औषधाला पैसं न्हाईत म्हनं. हातातलं सोन्याचं घड्याळ इक की मुडद्या!" मी इतकी हसले, की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून डोळे वटारले. त्या दिवसापासून आमचं गूळपीठ जमलं.

पुढे तो नादच झाला. नायक दार उघडतो तेव्हा घड्याळात सव्वादहा, खुर्चीत बसेपर्यंत साडेचार. जंगलातल्या डाकूच्या हातात तारखेचं घड्याळ. आमच्या गळाला लागलेला सगळ्यात मोठा मासा म्हणजे एक मावळा. गड्यानं गड चढताना ढाल वर केली आणि बाहीतून स्टीलचा पट्टा चकाकला! घरी येईपर्यंत आम्ही रिक्षात हसत होतो. तोंडाला रंग फासता येतो, घड्याळाला नाही, असं वन्सं म्हणायच्या. आणि स्वतःचं घड्याळ मात्र जन्मभर उजव्या हातात घालायच्या. त्याचं कारण असं, की त्यांच्या गावी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडदा तंबूच्या मधोमध बांधायचे, एका बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. बायकांना सगळं उलटं दिसायचं. लहानपणी तिथून बघून बघून वन्संची खात्री पटली, की मोठी माणसं घड्याळ उजव्याच हातात घालतात. पुढे खरं कळलं तरी बाईनं हात बदलला नाही.

दसऱ्याच्या तोंडावर वन्सं गेल्या. यंदाची भाऊबीज तशीच गेली. आणि संक्रांत झाली न झाली तोच ह्यांच्या छातीत कळ आली.

टीव्हीवर एक वकील कोर्टात हात उंच करून काहीतरी ओरडतो आहे. बाही खाली सरकते. माझ्या पापण्या जड झाल्या आहेत, पण दिसतंय. काळा चामडी पट्टा, तबकडी बहुतेक चौकोनी. "चौकोनी," मी पुटपुटते.

"चौकोनी कुटलं? पिपासारखं हाय, मदी फुगलेलं. नीट बघ की गं."

आवाज अगदी उजव्या कानाशी येतो. मी हलत नाही. माझी आई सांगायची, गेलेल्या माणसानं हाक मारली तर ओ देऊ नये, काही मागितलं तर देऊ नये आणि 'चल' म्हटलं तर पाऊल उचलू नये. त्यांनी आपणहून काही दिलं तर भलं असतं, पण आपल्याकडून काही गेलं तर घरातलं माणूस जातं. मला हे सगळं आठवतं, आणि त्याच वेळी माझं तोंड म्हणतं, "हो की, पिपासारखंच आहे."

झालं. ओ दिली.

चटई टोचायला लागली आहे. हाताला भुसा लागतो, आणि ओल्या मातीवर ताडपत्री टाकल्यावर येतो तो वास. टीव्ही मोठा होत गेला आहे, की मी त्याच्याजवळ सरकले आहे? वकील आता पुरुषभर उंच आहे आणि घड्याळ उजव्या हातात आहे. त्याच्या पायाशी असलेल्या पाटीवरची अक्षरं उलटी आहेत. वर बांबू, बांबूला ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या भोकांतून भर दुपारचं ऊन सुयांसारखं आत येतं आहे. मी शहरातली पोरगी, तंबूत जन्मात बसले नाही. तरी मी कुठल्या बाजूला बसले आहे ते मला कळतं.

माझ्या आजूबाजूला बायका बसल्या आहेत. मांडी घालून, पदर डोक्यावर, सगळ्या पडद्याकडे बघत. एकीच्या पदराआड मी डोकावते आणि लगेच मान फिरवते. तिथे चेहरा नाही. फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं गुळगुळीत काहीतरी आहे.

"तोंडं काय बघालीस?" वन्सं म्हणतात. त्यांचं तोंड मला दिसतं, थोडं. कडेकडेनं विरघळल्यासारखं. नथीची जागा आहे, नथ नाही. उजव्या मनगटावर घड्याळही नाही. ते आम्हीच काढून घेतलं होतं, तिरडी बांधायच्या आधी. "हिकडनं तोंडं दिसत न्हाईत शालन. सवय हुती हळूहळू. घड्याळं तेवढी दिसत्यात बग, लख्ख."

"वन्सं, मला घरी जायचंय."

"जाशील की. एवढा खेळ बगूया."

वकील गेला आहे. पडद्यावर आता एक लांबलचक बोळ आहे, हिरवट भिंतींचा, आणि त्यातून माणसं आमच्याकडे चालत येत आहेत. कुणालाच चेहरा नाही. मनगटं मात्र इतकी स्वच्छ दिसतात, की सेकंदकाटासुद्धा मोजता यावा. एक सोनेरी साखळीचं घड्याळ येतं, साखळीची कडी तुटलेली, तांब्याच्या तारेनं बांधलेली. ही तार मी ओळखते. आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले अष्टेकर. सामान मोजताना ती तार माझ्या डोळ्यांसमोरच असायची. अष्टेकर गेल्या पावसाळ्यात वारले.

"आलं," वन्सं म्हणतात.

आणि तो माणूस पडद्यातून पाऊल बाहेर टाकतो. कापड हलत नाही, नुसतं थोडं फुगतं. तो आमच्या मागे कुठेतरी जाऊन बसतो आणि भुसा कुरकुरतो.

मग बारीक सोनेरी बांगडीचं घड्याळ येतं, आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंचं. त्याही आता नाहीत. वन्सं म्हणतात, "आलं." बाई बाहेर येतात. मग काळं प्लास्टिकचं, आकड्यांचं, बटणावर चिकटपट्टी लावलेलं. दवाखान्यात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण रिक्षावाला होता, त्याचं हे घड्याळ. एके पहाटे त्या खाटेवरची चादर बदललेली होती.

"आलं," वन्सं म्हणतात, आणि मला सगळं कळतं. आमचा जुना खेळ अजून चालू आहे. वन्संची नजर घारीची, मला आयुष्यात त्यांच्याआधी एक घड्याळ दिसलं नाही. त्या घड्याळ पकडतात, आणि पकडलं की माणूस ह्या बाजूला येतो.

"कुणाकुणाचं बघत बसलाय वन्सं?" मी विचारते.

"बापूचं," त्या म्हणतात. "दुसरं कुणाचं बगू?"

बापू म्हणजे हे.

बोळाच्या टोकाला आणखी एक माणूस दिसतो. दवाखान्याचा नाडीवाला निळा सदरा. एक खांदा जरा खाली टाकून चालण्याची ढब. पस्तीस वर्षं मी त्या खांद्याच्या मागून बाजारात चालले आहे, मला चेहरा कशाला लागतो? भिंतीला हात लावत, थांबत थांबत हे येत आहेत. मनगटाच्या कातडीवर पांढरा पट्टा आहे, घड्याळाखाली ऊन न लागल्यानं राहिलेला. घड्याळ नाही.

घड्याळ घरी आहे. दवाखान्यात आत नेताना नर्सबाईनं ह्यांच्या हातातलं काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं होतं. मेलेल्या माणसाचं सामान देतात तसंच वाटलं मला ते. घरी आल्यावर मी ती पिशवी न उघडता कपाटात साड्यांखाली कोंबली. हे रोज विचारतात, "माझं घड्याळ कुठंय?" आणि मी रोज सांगते, "सापडत नाही, बघते." मला ते परत हातात घालायची भीती वाटते, आणि का वाटते हे मला सांगता यायचं नाही.

आता सांगता येतं. त्या उघड्या मनगटानंच ह्यांना झाकलं आहे.

"कोन येतंय गं?" वन्सं पुढे वाकतात. डोळे बारीक करतात. "चाल वळकीची वाटती. घड्याळ कुटाय त्याचं?"

"कुणी नाही वन्सं. बोळ रिकामा आहे."

"खोटं नको बोलूस."

"रिकामा आहे म्हटलं ना!"

हे बोळात मध्येच थांबले आहेत. इकडे बघतात, तिकडे बघतात. कुठे जायचं ते न कळल्यासारखे उभे आहेत, आणि मला एवढंच समजतं, की आणखी थोडं थांबले तर ते ह्या बाजूला येतील. मी उठते. कुणीतरी माझा पदर धरतं, हात बर्फासारखा. मी पदर हिसकते, गुडघ्यांवर पडते आणि पडद्याच्या खालच्या कडेतून, लहान पोरं फुकटात शिरतात तशी, पलीकडे घुसते.

पलीकडे फिनेलचा वास आहे. हिरवट भिंती. हे कुठेच नाहीत. एक नर्स उभी आहे, पाठमोरी, आणि पाठ न वळवताच हात मागे करून ती मला पिशवी देते. "पेशंटचं," ती म्हणते. पिशवीत ह्यांचं चावीचं घड्याळ आहे, लग्नातलं, पांढऱ्या तबकडीचं. मी ती घेऊन पळते. पायांखाली फरशी, फरशीवर भुसा, भुशावर तांदळाचे दाणे, आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी आहे. भांडी पालथी घातलेली आहेत. मी तांदळाच्या डब्याचं झाकण काढते आणि पिशवी तळाशी खुपसते, कोपरापर्यंत हात घालून.

डबा टिकटिक करायला लागतो.

चावी दिल्याला कितीतरी दिवस झाले. बंद पडलेलं घड्याळ आहे ते. तरी डबा टिकटिकतो, आधी हळू, मग ओट्यावरची भांडी थरथरतील इतका मोठ्यानं. मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरते.

"बापू कुटाय?"

वन्सं उंबऱ्याच्या बाहेर उभ्या आहेत. आत येत नाहीत. हातात ताम्हण आहे, ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू. निरांजनाची वात पेटलेली आहे पण ज्योत हलत नाही, चित्रातल्यासारखी.

"वन्सं, परत जा. पाया पडते तुमच्या."

"घड्याळ दे ते."

"नाही देणार."

"शालन, त्याचं घड्याळ हाय ते. तुजं न्हवं."

"आणि ते माझे आहेत!" मी इतकी घाबरले आहे, की रागच येतो. भीतीचं दुसरं टोक रागाला बांधलेलं असतं, हे मला आज कळतं आहे. "तुमचा भाऊ असेल, पण माझा नवरा आहे. तुम्हाला तिकडं करमत नाही म्हणून तुम्ही त्यांना बघत बसलाय. मी डोळ्यांनी बघितलं. तुम्ही 'आलं' म्हणता आणि माणूस उठून येतं. ह्यांना न्यायचं नाही. मला न्या हवं तर. पण ह्यांना नाही."

वन्संचा तो विरघळलेला चेहरा जरा घट्ट होतो. आणि मी बघते, त्या घाबरलेल्या आहेत. माझ्यापेक्षा जास्त.

"न्यायला?" त्या म्हणतात. "बापूला न्यायला? अगं येडे, मी 'आलं' म्हनते म्हनून ती येत न्हाईत. ती येत्यात म्हनून मी म्हनते. तू बायकांच्या बाजूनं बगितलंस, उलटं दिसलं तुला."

मी झाकण सोडत नाही.

"दिसामागनं दीस मी तितं बसलीया. येनाऱ्या पत्तेकाच्या मनगटाकडं बघालीया. देवाला म्हनालीया, ह्यो नसूदे, ह्यो नसूदे. तू त्याचं घड्याळ काढून ठेवलंस त्या दिसापासनं त्यो मला दिसंना. घरातबी दिसंना, तितंबी दिसंना. मला वाटलं, माज्या म्होरनं निसटून गेला की काय पल्याड." त्यांचा आवाज फुटतो. "घड्याळ न्हाई म्हनून कुटल्या बाजूला बसायचं त्याला कळंना झालंय. बोळात उबा हाय. तूबी बगितलास न्हवं?"

मी बघितलं. भिंतीला हात लावून उभे असलेले, कुठे जायचं ते न कळलेले. आणि मला घरातले हे आठवतात. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, चाला-फिरायला लागा. आणि हे खाटेवर बसून राहतात, दर थोड्या वेळानं विचारतात, "किती वाजले?" मी सांगते, आणि ते मान हलवतात, पण उठत नाहीत.

तरी मला भीती वाटते. खूप वाटते. "आणि घड्याळ घातलं, तुम्हाला ते दिसले, म्हणजे मग?"

"म्हंजे दिसला. बास."

"कशावरून?"

वन्सं एकदम पूर्वीसारखं तोंड वाकडं करतात. गिरणी कामगाराला शिव्या घालताना करायच्या तसं. "माजं घड्याळ कुनाच्या हातात हाय?"

त्यांचं घड्याळ त्यांच्या नातीच्या हातात आहे. ज्ञानदाच्या. आजीचं म्हणून पोरगीनं हट्टानं घेतलं, सैल होतं तर पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून घेतलं.

"रोज बगते मी तिला. शाळंत जाताना, पळताना, अभ्यासाच्या नावाखाली फोन बगताना. धरलं व्हय तिला? उंडग्या घोड्यागत उंडारतीया गावभर."

हे खरं आहे. परवाच ज्ञानदा आमच्याकडे येऊन एका बैठकीत अर्धा डबा तिळाच्या वड्या संपवून गेली. मेलीला काहीसुद्धा झालेलं नाही. मी उभी राहते, झाकणावर हात ठेवून. आईचे नियम माझ्या कानात घुमत आहेत. मागितलेलं देऊ नये. पण घड्याळ वन्संच्या हातात कुठे द्यायचं आहे, ते तर ह्यांच्याच मनगटावर जायचं आहे. त्यांना फक्त बघायचं आहे. जन्मभर आम्ही दोघींनी दुसरं केलं काय?

मी झाकण काढते. हात तांदळात घालते. घड्याळ गार आहे, दाण्यांमधून वर येताना त्याची काच मला आधी दिसते.

चावी पिळायला गेले तर बोटं सटकतात. पण काटे आधीच फिरत आहेत. ह्यांची खाट स्वयंपाकघरातच आहे आता, ओट्याला लागून, आणि हे त्यावर उताणे झोपले आहेत. चेहरा आहे. देवा, चेहरा आहे. मी मनगट उचलते. पांढऱ्या पट्ट्यावर घड्याळ बरोबर बसतं. बक्कल लावताना मी वन्संकडे बघत नाही. चुकले असेन तर ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही.

"आलं," वन्सं म्हणतात.

पण हे उठत नाहीत. झोपेत एक लांब उसासा टाकतात आणि कूस बदलतात.

वन्सं उंबरा ओलांडून आत आल्या आहेत. मी अडवायला हवं, पण हात उचलत नाही. त्या खाटेशी उभ्या राहतात, ताम्हण घेऊन, आणि चाचपडल्यासारखा हात ह्यांच्या डोक्याकडे नेतात.

"ओवाळायचं ऱ्हायलंय न्हवं ह्या वर्साला," त्या पुटपुटतात. "पर कपाळ दिसंना गं मला. कुटं लावू?"

मी त्यांना सांगू शकते. हात धरून कपाळाशी नेऊ शकते. पण त्या हाताला शिवायचा धीर मला होत नाही. मग त्यांना जे दिसतं तिथेच त्या हात नेतात, ह्यांच्या मनगटाशी, आणि अनामिकेनं घड्याळाच्या काचेवर कुंकू टेकवतात. वर अक्षता टाकतात. निरांजनाचं ताम्हण मनगटाभोवती फिरवतात, हळूहळू, ती न हलणारी ज्योत घेऊन.

मग त्या मागे सरतात. दाराशी जातात आणि वळतात, आणि मला पुन्हा भीती वाटते, सगळ्यांत जास्त आता वाटते. कारण आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. अभद्र मानतात. 'येते' म्हणायचं असतं. वन्संनी आमच्या घरून निघताना आयुष्यात 'येते' शिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही, भांडून निघाल्या तरीसुद्धा. त्या आता 'येते' म्हणाल्या तर?

त्यांना ते कळतं. त्यांच्या चेहऱ्याच्या उरलेल्या जागेत हसू दिसतं, आणि ते हसू बघून मला रडू येतं.

"जाते, शालन," वन्सं म्हणतात.

टीव्हीवर जाहिरात लागली आहे, साबणाची. तो उजेड माझ्या पायांवर हलतो आहे, पण मी चटईवर नाही. मी आतल्या खोलीत, ह्यांच्या खाटेच्या कडेला बसले आहे आणि माझ्या दोन्ही हातांनी ह्यांचं मनगट धरलं आहे. कपाटाचं दार उघडं आहे. साड्यांची चळत जमिनीवर कोसळली आहे आणि तिच्यावर रिकामी प्लास्टिकची पिशवी. मीच उठून हे सगळं केलं असेन, झोपेत. मी असं कधी केलेलं नाही, पण केलं असेन. मी मोठ्यानं श्वास घेते आणि हात हळूच सोडते.

हे जागे होतात. डोळे उघडून आधी माझ्याकडे बघतात, मग हाताकडे.

"सापडलं व्हय घड्याळ?"

"सापडलं," मी म्हणते.

"कुठं होतं?"

मी कोसळलेल्या साड्या पायानं खाटेखाली सारते. हे हात तोंडाजवळ नेऊन वेळ बघतात. मग उठून बसतात, माझा आधार न मागता, आणि पाय खाली सोडतात. "चहाची वेळ झाली की. चल, मी पण येतो स्वयंपाकघरात." मग ते परत घड्याळ डोळ्यांजवळ नेतात. "हे काचेवर काय लागलंय लाल?"

मी कपाळाला हात लावते. माझी चिकटायची टिकली जागेवर आहे. देवघरातला कुंकवाचा करंडा गेल्या दिवाळीपासून रिकामा आहे, भाऊबीज झालीच नाही म्हणून मी तो भरलाच नव्हता.

हे अंगठा काचेकडे नेतात, पुसायला.

"थांबा!" मी त्यांचा अंगठा मुठीत धरते, इतका घट्ट की ते दचकतात. माझ्या बोटाला काचेवरचं कुंकू लागतं आणि बोट लाल होतं. "पुसू नका. ओलं आहे अजून. वाळू दे."